कार्डावरून कापलेली पाच नावं

“माणूस चांगला होता हो. पण स्वतः सगळं खाणारा. दुसऱ्याला काय चालतं, काय नाही, हे अशा माणसाला काय कळणार?”

काका, हे वाक्य तुमच्या अंगणात बोललं गेलं. तुम्हाला जाऊन चार दिवस झाले होते. छावणी भागातल्या तुमच्या घरापुढे पत्र्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या, बुद्धवंदना नुकतीच संपली होती आणि लोक उठून चपला शोधत होते. बोलणारे लासूर स्टेशनचे शेठ होते, ज्यांची आई आपल्या टूरबरोबर स्पेनला गेली होती. ऐकणारे आपल्या टूरच्या ऑफिसचे मालक, म्हणजे आपले सर. सरांनी मान हलवली. शेठ कुणाला दुखवायला बोलत नव्हते. ते खास लासूरहून आले होते, आत तुमच्या फोटोपुढे हात जोडून बराच वेळ बसले होते. त्यांना जे खरं वाटत होतं ते ते बोलले, इतकंच.

त्यांच्या पाठीमागे खिडकी उघडी होती. खिडकीच्या आत काकी बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि शेजारच्या बाईशी बोलणं पुढे चालू ठेवलं.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला माझ्या चपला सापडल्या. त्या घातल्या आणि मी निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, अशी गप्प मी दुसऱ्यांदा राहिले.

हे मी मराठीत लिहिते आहे आणि मला ते किती जड जातं हे तुम्हाला माहीत आहे. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. घरी मराठी बोलायचो, पण घरी मी बोलायचेच किती. माझी मराठी नोटीसबोर्डावरच्या सूचनेसारखी आहे असं तुम्ही म्हणायचात. प्रवाशांसाठीच्या सूचनांमध्ये मी प्रत्येक ओळीत ‘कृपया’ लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही कागद डोळ्यांपासून लांब धरून विचारलं होतं, “तुझ्या घरी आई म्हणती का, कृपया जेवायला ये?”

पहिल्या दिवशीही तुम्हीच बोलला होतात. मी इंटरव्ह्यूला आले होते, जालना रोडवरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद, गॅलरीत पाण्याचे ड्रम, आणि सरांच्या केबिनमध्ये चार खुर्च्या. माझ्याकडे पुण्याहून केलेला स्पॅनिशचा डिप्लोमा होता आणि त्यात मला चांगले मार्क होते. सर म्हणाले, काहीतरी बोलून दाखवा. मला सगळं येत होतं. क्रियापदांचे सगळे काळ येत होते. पण तोंड उघडेना. सर पेन वाजवायला लागले. कोपऱ्यात पासपोर्टच्या झेरॉक्स लावत बसलेला एक माणूस मान वर न करता म्हणाला, “सर, बोलायला मी हाय की. लिहायला कुणी नाय आपल्याकडं.” अशी मला नोकरी लागली.

तुम्हाला स्पॅनिश लिहिता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. तुम्ही ते कानानं शिकला होतात. वीस-बावीस वर्षं तुम्ही पाहुण्यांची गाडी चालवली होती, वेरूळ, अजिंठा, परत. एका हिवाळ्यात स्पेनचं एक म्हातारं जोडपं आठ दिवस तुमच्या गाडीत होतं आणि तेवढ्यात तुम्ही साठेक वाक्यं उचललीत. पुढे जो स्पॅनिश पाहुणा येईल त्याच्यावर ती घासून घेतलीत. लेण्यांच्या बुटक्या दारांपाशी तुम्ही म्हणायचात, “कुइदादो, ला काबेसा.” सांभाळा, डोकं. व्याकरणानं त्यात आणखी एक शब्द पाहिजे होता. मी तसं एकदा म्हटलंही. तुम्ही म्हणालात, “तेवढा शब्द बोलेस्तोवर डोकं आपटतं, बेटा.”

मग वारं फिरलं. तिकडून येणारे कमी झाले आणि इथून जाणारे वाढले. बायपासच्या पलीकडच्या शेतांचे प्लॉट पडले, शिक्षक निवृत्त झाले, मुलं पुण्या-बंगळुरात कमवायला लागली, आणि ज्यांनी कधी शिर्डीपलीकडे पाय टाकला नव्हता ते आई-वडिलांना घेऊन युरोपची चौकशी करायला आपला जिना चढू लागले. बाहेर दुष्काळ होता. कापूस गुडघ्याएवढाही झाला नव्हता. शहरात नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी, तेही कधी येईल त्याचा भरवसा नाही. आणि आपल्या ऑफिसात भिंतीवर निळ्याशार समुद्राचं पोस्टर. मी टँकरवाल्याला फोन लावता लावता प्रवाशांच्या कार्डावर ‘समुद्रकिनारा कुठे आहे’ याचं स्पॅनिश टाइप करायचे. त्या वर्षांचा विचार केला की मला आधी थकवाच आठवतो. सगळेच थकलेले होते, आणि थकलेलेच सहलीला निघाले होते.

टूरच्या आधीच्या रविवारी तुम्ही त्यांना हॉलमध्ये बसवायचात. सतरंजी, चहा, आणि समोर तुम्ही, शर्टाच्या बाह्या दुमडून. शाळेत पाढे म्हणतात तशी साठ-पासष्टीची माणसं तुमच्यामागून म्हणायची. ग्रासियास, धन्यवाद. पोर फावोर, कृपया. दोंदे एस्ता एल बान्यो. बाथरूम कुठे आहे हे वाक्य तुम्ही पाच वेळा म्हणून घ्यायचात आणि म्हणायचात, “हे इसरलं तर बाकीचं स्पॅनिश काय कामाचं नाय.” बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी दाराजवळ बसून कार्डं मोजायचे. दर वेळी तुम्ही शेवटी माझ्याकडे बघायचात आणि मी मान खाली घालायचे. नंतर जिना उतरताना तुम्ही म्हणायचात, “बोलून टाक की एकदा. लई झालं तर चुकंल.”

आपलं भांडण व्हायचं ते पहिल्या शब्दावरून. माझं म्हणणं, कार्डावर सगळ्यात वर ‘पोर फावोर’ आणि ‘ग्रासियास’ हवं, तिकडे ते म्हटलं नाही तर माणूस उद्धट ठरतो. तुमचं म्हणणं, सगळ्यात वर ‘आग्वा’, पाणी. आपल्या माणसाला उपकार तोंडानं मानायची सवय नाही, तो चेहऱ्यानं मानतो, आणि चेहरा तिकडेही कळतो. पण पाणी मागता आलं पाहिजे. मग तुम्ही सिल्लोडच्या गुरुजींची गोष्ट सांगायचात. माद्रिदच्या हॉटेलात पोचल्यावर गुरुजींच्या बायकोनं पहिलं काम काय केलं, तर बाथरूममधला पांढरा टब काठोकाठ भरून घेतला आणि वर टॉवेल झाकला. उद्या नळ येईल, न येईल. दुसऱ्या दिवशी फिरून आल्या तर साफसफाईवाल्या बाईनं टब मोकळा करून चकचकीत पुसून ठेवलेला. त्या माउली पलंगावर बसून रडल्या. एवढं पाणी सोडलं म्हणून. ही गोष्ट सांगताना तुम्ही खूप हसायचात आणि मध्येच थांबायचात. पुढच्या कार्डासाठी तुम्ही मला एक वाक्य विचारलंत, ‘पाणी सोडू नका’. मी सांगितलं, नो तिरे एल आग्वा. पण कार्डावर घातलं नाही. हॉटेलवाले काय म्हणतील असं मला वाटलं.

आता त्या कार्डाचं. ते मला लिहिलंच पाहिजे.

शाकाहारी प्रवाशांसाठी तुम्ही वेगळी यादी केली होती. वहीच्या पानावर देवनागरीत, पेन्सिलीनं. वर लिहिलं होतं ‘नो कोमो’, म्हणजे मी खात नाही, आणि खाली एकाखाली एक पाच नावं. पेस्कादो, मासा. आतून, टूना मासा. हामोन, डुकराचं मांस. ऊएवो, अंडं. मान्तेका, डुकराची चरबी. या पाचही गोष्टी कुठे कुठे निघतात ते तुम्ही मला सांगितलं होतंत. सॅलडच्या पानांखाली तो ‘आतून’ मासा असतो. वाटाण्याच्या भाजीत हामोनचे तुकडे असतात. चहाबरोबरच्या बिस्किटात चरबी असते. “व्हेज म्हणलं की आपल्याकडं वेटरला समदं कळतंय,” तुम्ही म्हणालात. “तिकडं एकेक नाव घ्यावं लागतंय.”

मला ती यादी लांब वाटली. कार्ड व्हिजिटिंग कार्डाएवढं, गळ्यातल्या ओळखपत्रामागे सरकवायचं. पाच नावं घातली की अक्षरं बारीक व्हायची, म्हाताऱ्या माणसांना दिसली नसती. हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं की मला माझ्या डिप्लोम्याचा भरवसा होता. मी तुमची पाच नावं काढली आणि त्यांच्या जागी एक सुटसुटीत ओळ टाकली. ‘सिन कार्ने, पोर फावोर.’ मांसाशिवाय, कृपया. मोठ्या अक्षरात. दिसायला सुंदर. छापायला पाठवायच्या आधी तुम्हाला दाखवलं नाही, कारण तुम्ही त्या दिवशी मुंबईला व्हिसाच्या कामाला गेला होतात, आणि कारण तुम्ही नको म्हणाला असतात. खाली नेहमीची तुमच्या नावाची ओळ होती, ‘शब्द : साळवे’. ती मी तशीच राहू दिली.

शेठच्या आईंना सगळे माई म्हणत. वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही. विमानात त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका गावात दुपारी त्यांनी वेटरला कार्ड दाखवलं, वर तोंडानंही म्हणून दाखवलं. वेटर खूश झाला. त्यानं सॅलड आणलं, आणि त्यात मांस नव्हतं. अर्धी थाळी संपल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, हे पानांखाली गुलाबी काय आहे. तो टूना मासा होता, आणि तिकडे ‘कार्ने’त मासा येत नाही. त्यानंतर पुढचे सात दिवस माईंनी बरोबर नेलेले खाकरे आणि फळं यांच्याशिवाय काही खाल्लं नाही. तुम्ही टूरबरोबर होतात, पण त्या वेळी दुसऱ्या टेबलापाशी. तुम्ही रोज सकाळी बाजारात जाऊन स्वतःच्या हातानं त्यांच्यासाठी फळं आणायचात, हे मला नंतर दुसऱ्या प्रवाशांकडून कळलं.

परत आल्यावर शेठ ऑफिसात आले. मे महिना होता, लाइट गेलेली, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. त्यांनी ते कार्ड सरांच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे कुणी केलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी माझ्या कॉम्प्युटरसमोर होते, स्क्रीन काळी होती आणि त्यात मला माझाच चेहरा दिसत होता. मी टाइप करून ठेवलेली तुमची यादी त्याच कॉम्प्युटरमध्ये होती, तारखेसकट, पाचही नावांसकट.

तुम्ही उभे राहिलात. “मी,” तुम्ही म्हणालात.

शेठनी तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ते म्हणाले, “तुम्ही खाणारे लोक. तुम्हाला काय फरक पडतो.” त्यांनी ‘लोक’ हा शब्द ज्या तऱ्हेनं उच्चारला त्यात छावणी आली, तुमचं आडनाव आलं, तुमच्या घरातला बुद्धाचा फोटो आला. सगळ्यांना ते ऐकू आलं. माझ्या घरी हा शब्द अगदी असाच उच्चारतात, म्हणून मला तर जास्तच ऐकू आलं. तुमची मान ताठ झाली. मला वाटलं आता तुम्ही बोलाल, आणि मला ते हवंही होतं. तुम्ही हात जोडलेत. “माईंना माझा नमस्कार सांगा. चूक झाली.” मग खाली बसून तुम्ही झेरॉक्स लावायला घेतल्यात.

मी ठरवलं, संध्याकाळी सांगू. मग ठरवलं, सोमवारी सांगू. लाजाळू माणसाला लोक फार माफ करतात, काका. ती बोलत नाही, तिचा स्वभावच तसा, असं म्हणतात. मी त्या स्वभावाच्या मागे दोन वर्षं बसून राहिले.

त्या दोन वर्षांत काय काय गेलं ते मला माहीत आहे. आधी तुमचे रविवार गेले. सरांनी भाषेसाठी एक व्हिडिओ आणला, लोक तो बघताना फोन बघायचे. कार्डावरची ‘शब्द : साळवे’ ही ओळ गेली, आणि ती पुसण्याचं काम माझ्याकडेच आलं. मग टूर गेल्या. जालना रोडवरच्या दुसऱ्या ऑफिसांतून तुमचं नाव निघालं की कुणीतरी हसून म्हणायचं, हौ, वो मछली वाले साळवे. काकींचा पासपोर्ट तयार होता. पुढच्या दिवाळीच्या टूरला तुम्ही त्यांना नेणार होतात. तुम्ही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. नव्या कार्डांवर मी तुमची पाच नावं गुपचूप परत घातली, अक्षरं बारीक करून, आणि ती सगळ्यांना वाचता आली. तुम्ही ते कार्ड हातात घेऊन बघितलंत आणि खिशात ठेवलंत.

एकदा मी सुरुवात केली होती. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न आलेल्या पावसाळ्यात. आपण दोघंच होतो. मी म्हटलं, काका, त्या दिवशी. तुम्ही हातातलं काम थांबवलंत आणि माझ्याकडे वळलात, पूर्ण वळलात. तुम्ही वाट बघत होतात. मी म्हटलं, त्या दिवशी आलेली फाइल कुठे आहे. तुम्ही उठून फाइल काढून दिलीत.

शेवटच्या शनिवारी तुम्ही तीन पासपोर्ट पाकिटात घालून, पाकिटावर नावं लिहून घरी गेलात. सोमवारी आला नाहीत. सर म्हणाले, हार्ट. मी ती पाकिटं आठवडाभर हलवली नाहीत.

अंगणातल्या त्या वाक्यानंतर दोन दिवसांनी मी पुन्हा तुमच्या घरी गेले. काकी एकट्याच होत्या. दारात पिंप भरलेलं, अजून ओलं, म्हणजे नळ नुकताच येऊन गेला होता. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “मला ठावं हाय. त्यांनी तवाच सांगितलं व्हतं.”

मी उभीच राहिले. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

“मी म्हणलं त्यांना, त्या पोरीचं नाव का नाय घेतलं? तर म्हणले, ती आपणहून बोलंल. मी म्हणलं, कवा? तर म्हणले, बोलंल गं.” काकींनी पिंपावर झाकण ठेवलं. “दोन वर्सं झाली बाई. मी तुला काय म्हणत नाय. पण परवा खिडकीतून मला बी ऐकू आलं.”

मग त्यांनी चहा टाकला. आम्ही तो प्यायलो. कप विसळायला त्यांनी मला दिला नाही.

इतके दिवस मी समजत होते की तुम्ही मला वाचवलंत. मनातल्या मनात मी तुमचे आभारही मानून टाकले होते, आणि त्यामुळे प्रकरण मिटल्यासारखं वाटत होतं. तुम्ही वाट बघत होतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगायची गरज नव्हती. तुम्ही पूर्ण वळला होतात, काका. ते मी पाहिलं होतं.

आज सकाळच्या गाडीनं मी लासूरला गेले. ऑफिसात रजा सांगितली नाही. खिडकीतून नुसती नांगरून ठेवलेली रानं जात होती आणि मी वाक्य तयार करत होते. इंग्रजीत ते चटकन जमलं, आणि त्यात मी कुठेच नव्हते. स्पॅनिशमध्येही जमलं. मराठीत पहिल्यांदा ‘काही नावं राहून गेली’ असं झालं. ते मी मोडलं. दौलताबाद गेलं, पोटूळ गेलं, तोवर मी ते पाच-सहा वेळा मोडलं होतं.

शेठचं घर बाजार समितीच्या मागे. माई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेठ आत पेपर वाचत होते, मला बघून बाहेर आले. त्यांना वाटलं नवी टूर घेऊन आले. हसून म्हणाले, आता आमची आई कुठे येत नाही मॅडम, तिचा धसका गेलेला नाही. त्यांनी खुर्ची दिली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. पूर्ण तांब्या भरून पाणी आलं. माईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तू त्या साळव्यांच्या हापिसातली ना? गेले म्हणे बिचारे. रोज संत्री आणून द्यायचे मला.”

शेठ म्हणाले, हो, माणूस चांगला होता. आणि पुढचं वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. ते कोणतं असेल हे मला माहीत होतं.

मी खुर्चीतून उठले. माईंच्या समोर, ओसरीच्या फरशीवर बसले, म्हणजे आवाज बारीक निघाला तरी त्यांना ऐकू जाईल. आणि मी म्हणाले,

“माई, ते कार्ड मी केलं होतं. काकांनी पाच नावं लिहून दिली होती, त्यात माशाचंही होतं. मी ती त्यांना न विचारता कापली. ते खाणारे होते, म्हणून त्यांना माहीत होतं कशात काय असतं. मी तुमच्यासारखीच, न खाणाऱ्या घरातली. मला माहीत नव्हतं, आणि मी त्यांना विचारलंही नाही.”